थाप! डबल बेसच्या एका न ऐकलेल्या आवाजाची गोष्ट

आजचा भाग सुरू करण्याआधी एक छोटंसं काम. हेडफोन काढून ठेवा आणि थोडा वेळ फोनच्या स्पीकरवरच ऐका. का ते सांगतो.

डबल बेस तुम्ही पाहिला असेल. माणसापेक्षा उंच, उभं राहून वाजवायचं, व्हायोलिनच्या घरातलं सगळ्यात अवाढव्य वाद्य. त्याची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला साधारण 41 वेळा थरथरते. इतका खालचा खर्ज तुमच्या फोनच्या चिमुकल्या स्पीकरला झेपतच नाही. पण हेच वाद्य कुणी 'स्लॅप' पद्धतीनं वाजवत असेल, तर एक आवाज फोनमधूनही खणखणीत येतो. टक-थप, टक-थप. सूर हरवतो, थाप पोचते.

गेले आठ महिने मी ही थाप शिकतोय. एक जुना बेस भाड्यानं घेतलाय, बोटांना चिकटपट्टी गुंडाळलीय, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंशी संबंध थोडे ताणलेत. शिकता शिकता प्रश्न पडला की हे काढलं कुणी? उत्तर शोधायला गेलो तर कळलं, ज्यानं काढलं असं म्हणतात त्याचा हा आवाज कितीतरी वर्षं रेकॉर्डवर आलाच नव्हता.

आधी हातानं नेमकं काय करायचं ते सांगतो. उजव्या हाताची बोटं तारेत अडकवायची आणि तार फिंगरबोर्डपासून, म्हणजे तारांखालच्या त्या काळ्या लाकडी पट्टीपासून, दूर ओढून सोडायची. ती परत येऊन लाकडावर आपटते. हे झालं 'टक', आणि त्याच्यासोबत सूरही येतो. मग मोकळ्या तळव्यानं सगळ्या तारा लाकडावर थापायच्या. हे 'थप', यात सूर नाही, नुसता ताल. एका 'टक'मागे एक थाप म्हणजे सिंगल स्लॅप. दोन थापा दिल्या की डबल, आणि मग घोडा दौडल्यासारखं वाटतं. म्हणजे एकच माणूस तंबोऱ्याचंही काम करतोय आणि ढोलकीचंही.

आता चला न्यू ऑर्लिन्सला. अमेरिकेच्या दक्षिणेला, लुइझियाना राज्यातलं बंदराचं शहर. साल साधारण 1910. नाचाचे हॉल, मिरवणुका, नदीकाठच्या सहली, आणि सगळीकडे बँड. बहुतेक वादक कृष्णवर्णीय किंवा क्रिओल. माइक नाही, अँप्लिफायर नाही. समोर कॉर्नेट आणि ट्रॉम्बोन, खाली शेकडो पाय लाकडी फरशीवर नाचतायत. त्यात बिचारा बेसवाला गज घेऊन खर्ज लावणार. कोण ऐकणार?

इथे आपला नायक येतो, बिल जॉन्सन. गोष्ट अशी सांगतात की बँडबरोबर दौऱ्यावर असताना एका कार्यक्रमात त्याचा गज मोडला. दुसरा नव्हता. मग पठ्ठ्यानं तारा हातानंच खेचायला आणि थापायला सुरुवात केली. लोकांना इतकं आवडलं की गज कायमचा पेटीत गेला.

मराठीत 'थाप' या शब्दाचा दुसरा अर्थ तुम्हाला माहितीच आहे. तर ही गोष्ट म्हणजे थाप आहे का? मला वाटतं, पूर्ण खोटी नसेल, पण पूर्ण उत्तरही नाही. गज काय, कुणाचाही मोडतो. युरोपातल्या ऑर्केस्ट्रांमध्येही मोडत असणार. तिथे दुसरा गज आणतात, एवढंच. न्यू ऑर्लिन्समध्ये गजाशिवाय वाजवणं टिकलं, कारण तिथे गरज होती. गोंगाटावर मात करायची होती, नाचणाऱ्या पायांना ठोका द्यायचा होता. आणि तारा तेव्हा धातूच्या नव्हत्या, प्राण्यांच्या आतड्यापासून केलेली तात असायची. मऊ, जाड, ओढली की छान लांब येणारी. त्याच शहरात वाढलेले पॉप्स फॉस्टर आणि स्टीव्ह ब्राउनही थाप मारण्यात तरबेज होते. एका माणसाचा अपघात एवढी माणसं घडवत नाही. एका शहराची गरज घडवते.

मग या सगळ्याच्या रेकॉर्ड कुठायत? इथेच खरी गंमत आहे. खरं तर दुःख आहे.

बिल जॉन्सनचा क्रिओल बँड 1910 च्या दशकात अमेरिकाभर फिरला. न्यू ऑर्लिन्सचं हे नवं संगीत दूरवर नेणाऱ्या पहिल्या बँडपैकी तो एक. पण जॅझची पहिली रेकॉर्ड म्हणून जी ओळखली जाते, ती 1917 ची, ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँड या पाच गोऱ्या वादकांची. त्या बँडमध्ये बेस नव्हताच. जॉन्सन पुढे शिकागोत किंग ऑलिव्हरच्या बँडमध्ये होता. ऐन विशीतला लुई आर्मस्ट्राँगही त्याच बँडमध्ये. एप्रिल 1923 मध्ये हा बँड रेकॉर्डिंगला गेला, तेव्हा जॉन्सनच्या हातात काय होतं? बँजो! 'डिपरमाउथ ब्लूज' ऐका. मध्येच एक आरोळी येते, ती त्याचीच. त्याचा बेस मात्र कुठेच नाही.

कारण तांत्रिक होतं. तेव्हा माइक नव्हता. एका मोठ्या कर्ण्यासमोर सगळे वाजवायचे, आणि त्या आवाजाच्या धक्क्यानं सुई मेणावर रेघ कोरायची. बेसचा खर्ज त्या कर्ण्याला पकडता यायचा नाही. बऱ्याच बँडमध्ये त्याच्या जागी ट्युबा फुंकायचे. आपल्या फोनच्या स्पीकरचा आणि त्या कर्ण्याचा आजार एकच!

1925 मध्ये माइकवर, विजेच्या साहाय्यानं रेकॉर्डिंग सुरू झालं आणि बेस एकदम 'दिसायला' लागला. वेलमन ब्रॉड 1927 पासून ड्यूक एलिंग्टनकडे होता, त्याची थाप त्या रेकॉर्डमध्ये स्पष्ट येते. आणि 1928 मध्ये, पन्नाशी ओलांडलेल्या बिल जॉन्सनला अखेर जॉनी डॉड्सच्या बँडबरोबर 'बुल फिडल ब्लूज' मिळालं. बुल फिडल म्हणजे डबल बेसचंच टोपणनाव. तिथे तो मोकळेपणानं थाप मारतो. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, वा, सुरुवात सापडली. मग लक्षात आलं, छे! ही सुरुवात नाही. यामागे निदान पंधरा वर्षं आहेत, आणि त्यातलं एक सेकंदही आपल्याकडे नाही. ज्या बेसवाल्यांना 1925 नंतर कुणी स्टुडिओत बोलावलंच नाही, त्यांची तर नावंही आपल्याला नीट माहीत नाहीत.

मग ती विद्या टिकली कशी? एका हातानं दुसऱ्या हाताला बघून.

मिल्ट हिंटनचंच घ्या. जन्म 1910, मिसिसिपीतल्या विक्सबर्गचा, वाढला शिकागोत. आईच्या इच्छेनं व्हायोलिन शिकला. पण सिंफनी ऑर्केस्ट्रांचे दरवाजे कृष्णवर्णीयांना बंद. मूकपटांच्या थिएटरांत व्हायोलिनला काम मिळायचं, तेही बोलपट आल्यावर संपलं. म्हणून तो बेसकडे वळला. पोरवयात तो बेकायदा दारू पोचवायच्या गाडीवर काम करायचा. अपघात झाला, हाताचं एक बोट तुटायच्या बेतात आलं. डॉक्टर कापायला निघाले, तेव्हा अल कपोननं 'कापायचं नाही' असं बजावलं, हे हिंटन स्वतः सांगायचा. बोट वाचलं. 1936 मध्ये तो कॅब कॅलोवेच्या बँडमध्ये गेला, आणि 1939 च्या 'प्लकिन द बेस'मध्ये त्यानं जी थाप मारलीय ना, ती ऐकून मी दोन दिवस माझ्या बेसला हात लावला नव्हता.

तोवर वारं बदललं होतं. त्याच 1939 मध्ये जिमी ब्लँटन एलिंग्टनकडे आला आणि बेसवर चक्क गाणं वाजवायला लागला. पुढे अँप्लिफायर आले, धातूच्या तारा आल्या. मोठ्या आवाजासाठी थापेची गरज उरली नाही. जॅझवाल्यांना ती जुनाट, सर्कशीतली वाटायला लागली. पण जिथे ड्रम नव्हते तिथे ती जिवंत राहिली. जुलै 1954, मेम्फिसचा सन स्टुडिओ. एल्व्हिस प्रेस्ली, स्कॉटी मूर आणि बेसवर बिल ब्लॅक. तिघंच, ड्रमवाला नाहीच. 'दॅट्स ऑल राइट' ऐकताना जो ठोका तुम्हाला ड्रमसारखा वाटतो, ती बिल ब्लॅकची थाप आहे. ती रेकॉर्ड जगानं ऐकली. त्या थापेमागचं न्यू ऑर्लिन्स फार थोड्यांनी.

हिंटननं मात्र धागा सोडला नाही. म्हातारपणी तो कॉलेजात शिकवायचा. पंचाहत्तरी उलटल्यावर, आपल्याहून पन्नास वर्षांनी लहान असलेल्या ब्रॅनफर्ड मार्सालिसच्या 'ट्रिओ जीपी' अल्बमवर तो वाजवतो. तो 2000 साली गेला.

मी हे सगळं फोनवर व्हिडिओ बघून शिकायला गेलो होतो. पाच महिने माझी थाप नुसती आवाज करायची, तालात बसायची नाही. मग एका जुन्या वादक काकांकडे गेलो. त्यांनी माझं मनगट धरलं, सैल केलं आणि म्हणाले, "मारू नकोस रे. हात पडू दे." एवढंच. दहा सेकंद. हे कुठल्याच व्हिडिओत दिसलं नव्हतं. तेव्हा मला ती हरवलेली पंधरा वर्षं थोडी कळली. जे रेकॉर्ड झालं नाही ते नव्हतंच, असं आपण किती सहज धरून चालतो! ते होतं. कुणाच्या तरी मनगटात होतं.

तर आजचा गृहपाठ. तीन रेकॉर्ड क्रमानं लावा. 1923 ची 'डिपरमाउथ ब्लूज', 1928 ची 'बुल फिडल ब्लूज' आणि 1954 ची 'दॅट्स ऑल राइट'. आधी फोनच्या स्पीकरवर ऐका, मग हेडफोन लावून. पहिलीत बेस शोधू नका, सापडणार नाही. फक्त लक्षात ठेवा की तो माणूस तिथेच बसला होता, हातात बँजो घेऊन.

आणि तुमच्या घरात, गल्लीत कुणाच्या हातात अशी एखादी रेकॉर्ड न झालेली विद्या असेल, तर या आठवड्यात त्यांच्याकडे जाऊन बसा. फोन खिशात ठेवून. भेटू पुढच्या भागात!