गो, वेंट, गॉन

शाळेत घोकून घेतलेली सिंग, सँग, संग ही रूपं म्हणजे इंग्रजीचा लहरीपणा, असं आपण सर्रास म्हणतो. हा त्या क्रियापदांवर अन्याय आहे. आज अनियमित म्हणून बाजूला काढलेली यातली बरीच क्रियापदं एका फार जुन्या नियमाची वारसदार आहेत.

इथे व्यंजनं जागची हलत नाहीत, फक्त मधला स्वर बदलतो. ही रीत आद्य भारत-युरोपीय भाषेतली, म्हणजे इंग्रजीच्या जन्माआधीची. संस्कृतातही ती आहे: बुद्ध आणि बोध, कृत, करण आणि कार्य. आपल्या वैयाकरणांनी तिला गुण आणि वृद्धी म्हटलं.

शेवटी ‘ड’ किंवा ‘ट’ लावून भूतकाळ करण्याची युक्ती नंतरची, जर्मानिक भाषांची. हा प्रत्यय ‘डू’ या क्रियापदाच्याच पूर्वजापासून आला, असं अनेक अभ्यासक मानतात. याकोब ग्रिमने स्वर बदलणाऱ्यांना सबळ आणि प्रत्यय घेणाऱ्यांना दुर्बळ म्हटलं, पण पुढे सरशी दुर्बळांची झाली. १०६६ नंतर फ्रेंचमधून आलेल्या क्रियापदांनी बहुतेक हाच प्रत्यय घेतला आणि जुनी क्रियापदंही त्या वाटेने गेली. ‘हेल्प’चं ‘होल्पन’ हे रूप १६११च्या बायबलमध्ये आहे. आज सगळे ‘हेल्प्ड’ म्हणतात.

मग बाकीची टिकली कशी? रोजच्या वापरामुळे. हार्वर्डच्या संशोधकांनी २००७ मध्ये ‘नेचर’मध्ये हिशेब मांडला: जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं घेतली, तर त्यातली ९८च आज अनियमित आहेत. शंभरपट कमी वापरलं जाणारं क्रियापद दहापट वेगाने नियमित होतं. जे सतत तोंडी असतं त्याचं रूप लहान मूल ऐकूनच उचलतं, तिथे नियमाची गरजच पडत नाही.

‘वेंट’चं कूळ मात्र वेगळं. ते मुळात ‘वेंड’ या दुसऱ्याच क्रियापदाचं भूतकाळी रूप. ‘गो’चं स्वतःचं जुनं रूप मागे पडलं आणि ते त्या जागी आलं. मराठी माणसाने याचं नवल करू नये. आपलं ‘जातो’ संस्कृत ‘या’ धातूचं, तर ‘गेला’ ‘गम्’चं. आणि मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला तेही असंच घोकावं लागतं.

प्रवाह एकाच दिशेने वाहतो असंही नाही. १६११च्या त्याच बायबलमध्ये ‘डिग्ड’ आहे, आज ‘डग’ म्हणतात. अमेरिकेत तर ‘स्नीक्ड’ला बाजूला सारत ‘स्नक’ अजूनही पसरतंय.