वडूजचा मोर्चा आणि सरकारी सत्य

धडधडीत खोटे बोलणे निराळे आणि खऱ्याचीच मांडणी खोटी करणे निराळे. पहिले लवकर उघडकीस येते. दुसरे खऱ्याच्या आधाराने उभे असल्यामुळे दीर्घकाळ टिकते. खटाव तालुक्याचे ठाणे असलेल्या वडूजचा १९४२ सालचा इतिहास हा भेद स्पष्ट करतो.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच महात्मा गांधी व काँग्रेस कार्यकारिणीचे सभासद अटकेत पडले. त्यानंतर तत्कालीन सातारा जिल्ह्यात मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे नेऊन तेथे तिरंगी निशाण लावण्याचा क्रम सुरू झाला. २४ ऑगस्टला कऱ्हाड, ३ सप्टेंबरला तासगाव आणि ९ सप्टेंबरला वडूज. तासगावास निशाण लागले. वडूजला मात्र पोलिसांनी गोळीबार केला. मोर्चाचे पुढारी पैलवान परशुराम घार्गे धारातीर्थी पडले. त्यांच्यासह नऊ जणांचे बलिदान झाले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरासही गोळ्या झाडल्या गेल्या.

या गोष्टी देशास यथार्थ कळण्याचा मार्ग सरकारने आधीच अरुंद करून ठेवला होता. चळवळीच्या बातम्या सरकारी वा सरकारमान्य सूत्रांखेरीज छापू नयेत, असा हुकूम ऑगस्टच्या आरंभीच निघाला होता. त्याच महिन्यात 'हरिजन' पत्रही बंद पडले. अशा रीतीने दुसरी बाजू मुकी झाल्यावर, फेब्रुवारी १९४३ मध्ये हिंदुस्थान सरकारने १९४२–४३ च्या दंगलींची जबाबदारी काँग्रेसवर ठेवणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. तारा तुटल्या होत्या, रूळ उखडले होते, हे खरे. परंतु जे पुढारी ९ ऑगस्टच्या पहाटेपासून तुरुंगात होते, त्यांच्या भाषणांतील वाक्ये वेचून त्यांच्यावरच पुढील कृत्यांचा भार टाकण्यात आला. निःशस्त्र मोर्चा आणि घातपात यांस 'दंगल' हे एकच नाव मिळाले की गोळी झाडणाऱ्याचा जाब विचारण्याचे कारणच उरत नाही. गांधीजींनी आगाखान महालातील बंदिवासातून १५ जुलै १९४३ रोजी या पुस्तिकेस सविस्तर उत्तर धाडले. आपली वचने संदर्भ तोडून दिली गेली, हा त्यातील एक मुख्य आक्षेप होता.

विपर्यास सरकारी कचेरीतच जन्मतो असे मात्र नाही. १९४३ पासून नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली साताऱ्यात प्रतिसरकार उभे राहिले. त्याने गावोगावी न्यायनिवाडे केले, दारूबंदी आणि कमी खर्चाचे विवाह यांचा पुरस्कार केला. तथापि लोकांच्या तोंडी 'प्रति'चे 'पत्री' झाले आणि गुन्हेगारांच्या पायांस घोड्याप्रमाणे पत्रे ठोकतात, ही कथा चोहीकडे पसरली. शिक्षा म्हणून तळपायांवर फटके दिले जात. त्या मारावरच कथेची इमारत चढली. विरोधकांस ती क्रौर्याचा पुरावा म्हणून सोयीची होती, तर गुंडांस वचक बसतो म्हणून चळवळीच्या चाहत्यांसही ती खोडून काढण्याची निकड वाटण्याजोगी नव्हती. ज्या असत्याचा उभय पक्षांस उपयोग होतो, त्यास कोणीच वाली विचारीत नाही.

आज वडूजला हुतात्म्यांचे स्मारक आहे. त्या नऊ जणांचा गौरव करताना सरकारी 'दंगल' जशी नाकारावी, तशीच आपल्या आवडीची अतिशयोक्तीही नाकारावी. घडले ते सांगण्यास तारीख, स्थळ आणि मृतांची संख्या पुरेशी आहे.