दाद कोठे लागावी? : महाराष्ट्रातील पोलीस-व्यवस्था आणि नागरी देखरेख

अन्यायाचे निवारण मागण्यासाठी मराठीत रूढ असलेल्या शब्दांपैकी तीन प्रमुख शब्द फारसी-अरबीतून आलेले आहेत. ‘फिर्याद’ हा मूळ अर्थाने साहाय्यासाठी केलेला आक्रोश. ‘दाद’ म्हणजे न्याय. आणि ‘तक्रार’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ पुनरुक्ती. आक्रोश करूनही न्याय मिळाला नाही, की तेच पुनःपुन्हा सांगावे लागते, हा अनुभव या तीन शब्दांच्या मूळ अर्थांत जणू क्रमाने गोवला गेला आहे. ज्या अधिकाऱ्याकडे फिर्याद न्यावयाची त्याच्याविरुद्धच फिर्याद असेल तर ती कोणाकडे न्यावी, हा प्रश्न महाराष्ट्राच्या पोलीस-व्यवस्थेच्या इतिहासात वारंवार उपस्थित झालेला आहे. पोलिसांवर वरिष्ठ नव्हता असा काळ क्वचितच आढळेल. परंतु वरिष्ठ असणे आणि दाद लागण्याचे स्थान असणे या दोन भिन्न गोष्टी होत.

मराठेशाहीतील खेड्यांत बंदोबस्ताची जबाबदारी पाटलाकडे असे. त्याच्या हाताखाली जागले असत. ते बहुधा रामोशी, महार, मांग, भिल्ल आदी समाजांतील असत. चोरी झाल्यास चोराचा माग काढणे हे जागल्याचे काम होते. माग ज्या गावाच्या शिवेपर्यंत जाई, त्या गावाने तो पुढे दाखवून द्यावा, अन्यथा नुकसान भरून द्यावे, असा दंडक होता. या पद्धतीत रक्षकाचे अपयश गावकऱ्यांना प्रत्यक्ष भोगावे लागत असल्याने त्याच्यावर गावाची नजर राहत असे. मात्र या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ती जातिबद्ध होती. नुकसानीचा बोजा अखेर जागल्यावरच लादला गेला, तर त्याची दाद घेणारे कोणी नव्हते.

शहरांची स्थिती निराळी होती. ‘कोतवाल’ या शब्दाचे मूळ ‘कोट्टपाल’ म्हणजे किल्ल्याचा रक्षक असे मानले जाते. परंतु पेशवाईतील पुण्याचा कोतवाल केवळ रक्षक नव्हता. पेठांतील तंटे तोडणे, बाजारभावांवर लक्ष ठेवणे, शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद करणे, घरे व गल्ल्या यांविषयीचे वाद मिटविणे ही सर्व कामे त्याच्याकडे होती. पकडणारा आणि निवाडा करणारा एकच असल्यामुळे त्याच्याविरुद्ध जावयाचे तर थेट सरकारातच जावे लागे.

घाशीराम सावळदास हा १७७७ पासून पुण्याचा कोतवाल होता. त्याच्यावर नाना फडणिसांची मर्जी होती. त्याच्या जुलमाचा बोभाटा बराच झाला होता. परंतु मर्जी ढळली नाही तोवर तो बोभाटाच राहिला. ऑगस्ट १७९१ मध्ये त्याच्या कैदेत एका कोंदट कोठडीत डांबलेल्या तैलंगी ब्राह्मणांपैकी सुमारे वीस जण गुदमरून मेले. लोकांचा जमाव नानांच्या वाड्यापुढे जमला. अखेर घाशीराम जमावाच्या स्वाधीन झाला आणि दगडांनी ठेचून मारला गेला. या प्रकाराला लोकांचा न्याय म्हणण्याचा मोह होतो. वस्तुतः न्यायाचा मार्ग नसल्याची ती साक्ष होय. चौदा वर्षांच्या कारभाराची चौकशी कोणी केली नाही, म्हणून तिचा निकाल एका दिवसात दगडांनी लागला. आणि चौकशी अशी तेव्हाही झालीच नाही.

इंग्रजी अमलात वसुली आणि पोलीस ही कामे आरंभी बऱ्याच अंशी त्याच कामगारांच्या हाती होती. १८५४ च्या सुमारास नाशिक येथे खुनाच्या संशयावरून धरलेल्या एका कैद्याचा पोलिसांच्या छळामुळे मृत्यू झाला, ते प्रकरण गाजले. १८५५ मध्ये मद्रास इलाख्यातील छळ-चौकशी आयोगाने असेच चित्र उघड केले. पुढील रचनेस चार्ल्स नेपियरने १८४३ नंतर सिंधमध्ये उभारलेल्या दलाचा नमुना उपयोगी पडला. तो दल आयर्लंडच्या धर्तीवर बेतलेला होता. जेत्यांची सत्ता राखणे हे अशा दलाचे पहिले काम. मुंबई इलाख्यात १८६७ व १८९० चे जिल्हा पोलीस कायदे झाले आणि पोलीस अधीक्षकावर जिल्हा मॅजिस्ट्रेटचे नियंत्रण राहिले. हे नियंत्रण मुलकी होते, नागरी नव्हते. कलेक्टर आणि मॅजिस्ट्रेट एकच असून तो सरकारलाच उत्तरदायी होता. १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगाने पोलीस अकार्यक्षम असून लोक त्यांना भ्रष्ट व जुलमी समजतात, असा निष्कर्ष काढला. तथापि आयोगाचा भर पगार, भरती व शिक्षण यांवर राहिला.

स्वातंत्र्यानंतरच्या १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात हीच चौकट कायम राहिली. आयुक्तालयांच्या शहरांत तर जिल्हा मॅजिस्ट्रेटचे नियंत्रणही उरत नाही. घाशीरामाच्या पुण्यात १९६५ मध्ये आयुक्तालय स्थापन झाले. १९७२ मध्ये तत्कालीन चांदा जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष ठरविले. १९७९ मध्ये चार विधी-अध्यापकांनी त्या निकालाविरुद्ध सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर चळवळ उठली आणि १९८३ मध्ये फौजदारी कायदा बदलला. येथेही दाद लागली ती ठरलेल्या वाटेने नव्हे, तर वाटेबाहेरून.

राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७९ ते १९८१ या काळात आठ अहवाल दिले. ते बहुतांशी कपाटातच राहिले. प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी जे आदेश दिले, त्यांत राज्य व जिल्हा अशा दोन्ही स्तरांवर निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली पोलीस तक्रार प्राधिकरणे स्थापावीत, असा एक होता. पोलीस दलाबाहेरचे, ठरलेले आणि सामान्य माणसाला गाठता येईल असे स्थान ही या इतिहासात नवी कल्पना होती. महाराष्ट्राने २०१४ च्या दुरुस्तीने ती स्वीकारली; परंतु जिल्ह्याऐवजी महसुली विभाग हा घटक धरला. देसाईगंज आज ज्या गडचिरोली जिल्ह्यात आहे, तो नागपूर विभागात मोडतो. जिल्ह्याच्या जागी विभाग हा शब्द आला, तेव्हा आदिवासी फिर्यादीची वाट त्या एका शब्दाने लांबली.

या इतिहासातून एक गोष्ट निष्पन्न होते. १७९१ मध्ये नानांचा वाडा, १९७९ मध्ये सरन्यायाधीशांच्या नावे पत्र. दोन्ही वेळी लोकांनी सर्वोच्च सत्तेचेच दार ठोठावले, कारण मधले दार नव्हते. सुधारणेची कसोटी वरिष्ठांची संख्या किती वाढली ही नसून, ठाण्यात जुलूम सोसलेल्या माणसाला आपल्याच जिल्ह्यात, ठाण्याबाहेर दाद मागता येते की नाही, ही आहे. ते दार उघडेपर्यंत ‘तक्रार’ या शब्दाचा अरबी अर्थच मराठीत खरा ठरत राहील.