लाम्फूनचे विहार आणि मोन भाषेची साक्ष

उत्तर थायलंडमधील चिआंग माई नगराच्या दक्षिणेस सुमारे २६ किलोमीटरांवर, कुआंग नदीच्या काठी, लाम्फून हे शांत गाव वसलेले आहे. चिआंग माईस जाणाऱ्या प्रवाशांपैकी थोडेच इकडे वळतात. तथापि ह्या प्रदेशाच्या इतिहासात वडीलकीचा मान लाम्फूनचाच आहे. चिआंग माईची स्थापना इ. स. १२९६ मधली. त्याच्या कितीतरी आधीपासून लाम्फून हे हरिपुंजय ह्या नावाने मोन राजांची राजधानी होते. आज गावाची भाषा मोन नसून थाई कुळातील आहे. ज्यांनी येथील स्तूप उभारले त्यांची वाणी गावातून लोपली, पण स्तूप पूजेत राहिले. नाहीशा झालेल्या त्या भाषेविषयी हे विहार कोणती साक्ष देतात, हा प्रश्न इतिहासाइतकाच भाषाशास्त्राचाही आहे.

प्रथम नगराचे नाव पाहावे. हिरड्याला पाली भाषेत ‘हरीतक’ म्हणतात. भगवान बुद्ध ह्या स्थळी आले, त्यांना येथे हिरड्याचे फळ अर्पण करण्यात आले व ते त्यांनी भक्षण केले, अशी कथा आहे. ‘हरीतक’ आणि खाणे ह्या अर्थाचा ‘भुंज’ धातू ह्यांपासून नगरास नाव मिळाले, असे परंपरा मानते. पाली ग्रंथांत ‘हरिपुंजय’ हे रूप रूढ आहे. थाई लेखनात मात्र ह्या नावात आजही ‘भ’ हे अक्षर लिहितात, जरी उच्चारात त्याचा ‘फ’ होतो. व्युत्पत्ती कथेला जुळवून घेतलेली असली, तरी एक गोष्ट तीवरून उघड होते. नाव पाली आहे, म्हणजेच ते भिक्षूंच्या विद्येतून आलेले आहे. नगरजनांच्या बोलीचा ठसा त्यावर नाही.

तीच विद्या इतिवृत्तांतही दिसते. पंधराव्या शतकाच्या आरंभी बोधिरंसी ह्या भिक्षूने ‘चामदेवीवंस’ रचला; १५१६ च्या सुमारास रत्नपञ्ञ ह्याने ‘जिनकालमाली’ लिहिली. लवपुराची, म्हणजे आजच्या लोपबुरीची, राजकन्या चामदेवी हिला वासुदेव ऋषीने नव्या नगराच्या राज्यपदासाठी बोलाविले. ती पिंग नदीच्या मार्गाने त्रिपिटकज्ञ भिक्षूंसह आली, असे हे ग्रंथ सांगतात. परंपरा ही घटना सातव्या शतकात ठेवते. ग्रंथ आणि घटना ह्यांत सात-आठ शतकांचे अंतर असल्यामुळे हा कालनिर्देश जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. परंतु कथेतील स्थलांतराची दिशा निराधार नाही. लोपबुरी येथे आठव्या शतकाच्या सुमाराचा मोन भाषेतील स्तंभलेख मिळालेला आहे. दक्षिणेकडून मोन भाषा व बौद्ध धर्म एकत्र वर आले, हे कथेचे सार त्याच्याशी जुळते.

गावाच्या पश्चिमेस चामदेवीच्या नावाचा विहार आहे. तेथील चौरस विटांचा स्तूप पाच मजल्यांचा असून वर निमुळता होत जातो. प्रत्येक मजल्याच्या प्रत्येक बाजूस तीन कोनाडे व त्यांत उभ्या बुद्धमूर्ती, अशा एकूण साठ मूर्ती तेथे आहेत. लंकेतील पोलोन्नरुव येथील सात मजली प्रासादाशी त्याचे साम्य अभ्यासकांनी दाखविले आहे. भूकंपानंतर सब्बाधिसिद्धी राजाने १२१८ च्या सुमारास त्याचा जीर्णोद्धार केला, असे मानतात. लोक ह्या वास्तूस ‘कू कुत्’, म्हणजे शेंडा तुटलेला स्तूप, म्हणतात. मोन राणीची स्मृती जपणाऱ्या वास्तूचे रोजच्या बोलण्यातले नाव असे थाई आहे.

प्रत्यक्ष मोन भाषा भेटते ती हरिपुंजय धातु-विहाराशेजारच्या राष्ट्रीय संग्रहालयात. तेथील शिलालेख मुख्यत्वे तेराव्या शतकातले असून विहारांना दिलेल्या दानांची नोंद त्यांत आहे. काहींत पाली व मोन ह्या दोन्ही भाषा एकत्र येतात. रॉबर्ट हॅलिडे ह्यांनी १९३० मध्ये सयाममधील मोन लेख प्रसिद्ध केले, तेव्हापासून सब्बाधिसिद्धीचे नाव केवळ कथेतले राहिले नाही.

इतिवृत्तेही भाषेविषयी मूक नाहीत. अकराव्या शतकात नगरात महामारी पसरली. लोक सुधम्मपुरास व तेथून हंसावतीस, म्हणजे पेगूस, गेले. तेथील लोकांची व आपली भाषा एकच आहे असे त्यांना आढळले, असा उल्लेख येतो. हा उल्लेख करणारे ग्रंथ थाई सत्तेच्या काळातले, पाली भाषेतले आहेत. मोन भाषेचा अभिमान मिरविण्याचे त्यांच्या कर्त्यांना कारण नव्हते. म्हणूनच ही साक्ष अधिक मोलाची ठरते. राजा आणि सन ह्यांबाबत इतिवृत्ताची पदोपदी पारख करावी लागते. भाषेविषयी सहज आलेल्या वाक्यावर त्याहून अधिक विश्वास ठेवता येतो.

मंगराय राजाने हरिपुंजय जिंकले. त्यासाठी १२८१ व १२९२ अशी दोन वर्षे मिळतात. राज्य गेले, पण विहारांची परंपरा जेत्यांनी मोडली नाही, उलट स्वीकारली. धातु-विहाराच्या मुख्य स्तूपास आजचे रूप पंधराव्या शतकात तिलोकराजाच्या काळी आले. मोन लिपीपासून निघालेली ‘धर्म’ लिपी लान्ना राज्यात धर्मग्रंथांसाठी रूढ झाली. तिचा जुना नमुना सुखोथाई येथील १३७६ च्या सुवर्णपत्रावर आहे. पुढे ब्रह्मी युद्धांत लाम्फून ओस पडले आणि १८०५ च्या सुमारास योंग प्रदेशातील लोक आणून ते पुन्हा वसविण्यात आले. म्हणजे आज स्तूपाला प्रदक्षिणा घालणाऱ्यांपैकी बहुतेकांचे पूर्वज तो बांधणाऱ्यांचे वंशजही नव्हते.

भाषा लोपली की तिचा इतिहासही लोपतो, ही समजूत लाम्फूनच्या बाबतीत टिकत नाही. बोलणारे गेले, परंतु लिपी परक्या भाषेच्या सेवेत राहिली, स्मृती पाली ग्रंथांत शिरली आणि वास्तू दुसऱ्यांच्या श्रद्धेने सांभाळली. ह्या तीन साधनांचे काळ वेगळे आणि कर्ते वेगळे. ती एकमेकांत मिसळून न टाकता शेजारी ठेवून वाचली, तरच हरिपुंजयाचा इतिहास हाती लागतो.