खर्जातला म्हातारा नवरदेव

सफाळ्याच्या आपल्या स्नेहसंमेलनात जाड आवाजाच्या मुलाची भूमिका ठरलेली असे: म्हाताऱ्याची. ही रीत जुनी आहे. रॉसिनी या इटालियन संगीतकाराच्या ‘सेव्हिलचा न्हावी’ या १८१६ च्या ऑपेरात म्हातारा डॉक्टर बार्तोलो आपल्या आश्रयाला असलेल्या तरुण रोझिनाशी हुंड्यासाठी लग्न करू पाहतो. तो खर्जात गातो, मध्येच भराभर शब्द फेकतो आणि लोक हसतात.

गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’तला (१८९९) भुजंगनाथ त्याचाच भाऊबंद. पण रोझिना म्हाताऱ्याला चकवते; शारदेला मात्र बाप कांचनभट पैशांसाठी विकतो, ती जीव द्यायला निघते. देवलांनी प्रेक्षकांना नवरदेवावर हसवले आणि मुलीच्या बाजूने उभे केले. मैत्रिणींनो, आपण लग्नाआधी दहावी झालो, त्या वाटेवर हे हसूही होते.