आगबोट वाहतूक, मुंबई–कोकण

मुंबई आणि कोकण किनाऱ्यावरची लहान बंदरे यांच्यातली प्रवासी जलवाहतूक. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९८०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ती चालली. ‘बाँबे स्टीम नॅव्हिगेशन’ ही यातली जुनी आणि बलाढ्य कंपनी. स्वदेशीच्या काळात तिच्यासमोर देशी भागधारकांची सहकारी आगबोट कंपनी उभी राहिली. तुकाराम, रामदास अशी संतांची नावे तिने बोटींना दिली.

या वाहतुकीचे दोन भाग होते. एक मुंबई बंदराच्या आतला : मोरा (उरण), रेवस, धरमतर. आज न्हावा शेवा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पट्ट्याला मोरा जवळचे. धरमतरला उतरून पुढे महाडकडे सडकेने जाता येई. दुसरा भाग दूरच्या बोटींचा : हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले, पणजी.

दूरच्या बोटीचा खरा कस बंदरात लागे. बहुतेक ठिकाणी धक्क्याला पुरेसे पाणी नसे. बोट खोल समुद्रात थांबे आणि माणसे, वळकट्या, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या यांची पडावातून ने-आण होई. लाटेवर पडाव वर आला की नेमक्या त्या क्षणी शिडी धरायची. खलाशाने हाताला धरून ओढलेली म्हातारी आणि झेललेले मूल ही वर्णने कोकणातल्या आठवणींत हमखास येतात. ‘बोट लागणे’ म्हणजे बोट बंदरात येणे आणि प्रवाशाला मळमळणे. एकाच शब्दप्रयोगात दोन्ही अर्थ मावले ते काही उगीच नव्हे.

पावसाळ्यात दूरच्या बोटी बंद होत. चाकरमान्याचे मे महिन्यातले परतणे त्यामुळे शेवटच्या बोटीच्या तारखेला बांधलेले असे. बंदराच्या आतली सेवा मात्र पावसातही चाले. तिथला समुद्र आडोशाचा मानला जाई. पण १७ जुलै १९४७ रोजी, अमावास्येच्या दिवशी, मुंबईतल्या भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसला निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोट १९३६ सालची, म्हणजे जुनाट नव्हती. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतून अनेकांना वाचवले. अवघ्या महिन्याभरात स्वातंत्र्य आले आणि एवढी मोठी दुर्घटना कोकणाबाहेर फारशी स्मरणात उरली नाही. कोकणात मात्र घरोघर तिची गोष्ट आहे. ‘रामदास’च्याच कंपनीच्या ‘तुकाराम’चा अंत त्याआधी, नोव्हेंबर १९२७च्या वादळात, झाला होता.

न्हावा बेटाचा या दर्यावर्दी जगाशी आणखी एक संबंध आहे. जहाजमालक सर महंमद युसूफ यांनी १९१० मध्ये तिथे खलाशांसाठी प्रशिक्षण संस्था काढली. ‘रहमान’ हे तिचे नाव.

दूरच्या बोटींची सेवा पुढे चौगुले कंपनी, नंतर मोगल लाइन यांच्याकडे गेली. ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या शेवटच्या पिढीच्या ओळखीच्या बोटी. एस.टी. आणि महामार्गाने प्रवासी ओढून नेले. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली, तेव्हा बोटी केव्हाच थांबल्या होत्या.

शेवा गाव उठवून उभारलेले न्हावा शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. तिथे माणसांऐवजी कंटेनर उतरतात. १२ जानेवारी २०२४ पासून शिवडीहून न्हावा शेव्याला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू आहे. भाऊचा धक्का ते मोरा ही लाँच अजून चालते, आणि मोऱ्याच्या गाळामुळे मोठ्या ओहोटीला तिला आजही भरतीची वाट पाहावी लागते.