विश्लेषण : हाडं ठिसूळ झाली असतील तर वाकायचं कसं? ऑस्टिओपोरोसिसमध्ये मणके जपण्यासाठी काय करावं?

भरलेली बादली उचलली, गादी उलटली किंवा जोरात शिंक आली आणि पाठीत एकदम कळ गेली. घरात निदान ठरलेलं असतं : उसण भरली. मग बाम चोळायचा, शेकायचं आणि दोन दिवस पडून राहायचं. पण वय साठीपुढे असेल आणि हाडं ठिसूळ झाली असतील, तर ही उसण नसून मोडलेला मणका असू शकतो. ऑस्टिओपोरोसिसमुळे होणारी मणक्यांची सुमारे दोन तृतीयांश फ्रॅक्चर अशीच लक्षात न येता राहून जातात.

न पडता मणका कसा मोडतो?

मणक्याच्या आतलं हाड जाळीदार असतं. ऑस्टिओपोरोसिसमध्ये ही जाळी विरळ होते. पाठ गोल करून पुढे वाकलं की शरीराचा भार मणक्याच्या पुढच्या बाजूवर येतो. त्यात हातात वजन असेल तर हा दाब आणखी वाढतो. मग मणक्याची पुढची बाजू चेपते आणि त्याचा आकार पाचरीसारखा होतो. असे दोन-तीन मणके चेपले की पाठीला पोक येतो आणि उंची कमी होते. एक मणका मोडला की दुसरा मोडण्याची शक्यताही वाढते.

वाकण्याच्या धोक्याबद्दल संशोधन काय सांगतं?

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या सिनाकी आणि मिकेलसन यांनी १९८४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मणक्यांचा ऑस्टिओपोरोसिस असलेल्या, पाळी थांबलेल्या ५९ स्त्रिया होत्या. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात ८९ टक्के स्त्रियांचे मणके नव्याने चेपल्याचं दिसलं. पाठ ताठ करण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात हे प्रमाण १६ टक्के होतं. अभ्यास छोटा होता, पहिल्या गटात जेमतेम ९ जणी होत्या. तरीही ‘व्यायाम थांबवू नका, वाकण्याची पद्धत बदला’ या आजच्या सल्ल्यामागे हा अभ्यास महत्त्वाचा मानला जातो.

घरकामात कोणते बदल करावेत?

• खालची वस्तू घेताना पाठ गोल करू नये. पाय थोडे फाकवून, गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून खुब्यातून खाली जावं. वस्तू अंगाजवळ धरून उठावं.
• बादली काठोकाठ न भरता अर्धी भरावी किंवा स्टुलावर ठेवून मगाने पाणी घ्यावं.
• केर काढायला आणि फरशी पुसायला लांब दांड्याचा झाडू आणि मॉप वापरावा.
• रोज लागणारी भांडी आणि डबे कमरेच्या उंचीवर ठेवावेत.
• भाजीचं ओझं एकाच हातात न घेता दोन पिशव्यांत सारखं वाटून घ्यावं.
• नातवंडाला जमिनीवरून उचलण्याऐवजी आपण बसावं आणि त्याला मांडीवर घ्यावं.
• अंथरुणातून उठताना थेट उठून बसू नये. आधी कुशीवर वळावं, पाय खाली सोडावेत आणि हाताने रेटा देत उठावं.
• शिंक किंवा खोकला येताना पुढे झुकू नये. पाठ सरळ ठेवून एक हात कमरेवर किंवा भिंतीवर टेकवावा.

प्रवासात आणि योगासनं करताना काय सांभाळावं?

एसटीत मागच्या चाकांवरची आणि त्यामागची सीट टाळावी, कारण खड्डा आणि स्पीडब्रेकरचा दणका तिथे जास्त बसतो. योगासनांमध्ये पश्चिमोत्तानासन, हलासन, पादहस्तासन आणि सूर्यनमस्कारातलं पूर्ण पुढे वाकणं टाळावं. कमरेला जोरात पीळ देणंही टाळावं. मात्र मोडण्याच्या भीतीने झोपून राहिलं तर हाडं आणि स्नायू दोन्ही आणखी कमजोर होतात. चालणं आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले पाठीचे व्यायाम सुरूच ठेवावेत.

आहार आणि औषधांचं काय?

‘आयसीएमआर’च्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना रोज १,००० मिलिग्रॅम आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांना १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीतून साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम मिळतं. दूध, दही आणि तीळ हेही चांगले स्रोत आहेत. पण ऑस्टिओपोरोसिसचं निदान झाल्यावर नुसता आहार पुरत नाही, बऱ्याच जणांना औषधं लागतात. ती स्वतःहून बंद करू नयेत. डेनोसुमॅबचं इंजेक्शन मध्येच थांबवल्यावर एकापेक्षा जास्त मणके मोडू शकतात.

डॉक्टरांकडे कधी जावं?

तरुणपणापेक्षा उंची ४ सेंटिमीटरने घटली असेल, पोक दिसू लागला असेल किंवा किरकोळ कामानंतर पाठ अचानक दुखू लागली असेल, तर एक्स-रेबद्दल विचारावं. हाडांची घनता ‘डेक्सा’ तपासणीत कळते. त्यात टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस मानतात. तीन महिन्यांहून अधिक काळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ही तपासणी डॉक्टरांना आवर्जून विचारावी. पाठदुखीसोबत पाय बधिर किंवा लुळे पडले, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.